उलटा हात

रॉड चालू असतानाच सुगंधाने बादलीत हात घातला आणि लवूने डोळे मिटून घेतले.

मोरीच्या दारात तो दात घासत उभा होता. बादलीतल्या पाण्यात चार बोटं फिरवून सुगंधा म्हणाली, "कोमट झालंय. अजून थोडं राहू दे." मग तोच ओला हात पदराला न पुसता तिने रॉडची वायर जरा बाजूला सारली आणि भिंतीला टेकवून ठेवली. लवूने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्याकडे बघून हसत होती.

"काय हो, मंजन डोळ्यात गेलं की काय?"

"रॉड बंद करून हात घालावा गं."

"रोज तेच. कशाला बंद करू? पेटी आहे ना." ती उठली. "सरा आता, चंपा येईल."

पेटी दाराच्या वर, मीटरच्या शेजारी होती. काळी, जेवणाच्या डब्याएवढी, पुढे एक खटका आणि त्याच्याखाली बोटाच्या पेराएवढं पांढरं बटण. लवूच्या कारखान्यात तिला ईएलसीबी म्हणत, पण जोगेश्वरीच्या त्या चाळीत एवढं लांबलचक नाव कोण घेणार? पेटीच. रोज पहाटे उठल्या उठल्या सुगंधा स्टुलावर चढायची आणि ते बटण दाबायची. खट् आवाज होऊन खटका पडायचा, दिवा जायचा, पंखा थांबायचा, रेडिओवरच्या बातम्या अर्ध्या शब्दात तुटायच्या. मग ती खटका वर करायची आणि स्वतःशीच म्हणायची, "जागी आहे."

"झाली गो तुझी काकडआरती?" लवूची आई जानकी अंथरुणातूनच विचारायची. "आता माका च्या मिळतलो काय?"

महिन्यातून एकदा दाबलं तरी पुष्कळ, असं लवूने तिला सांगून पाहिलं होतं. पण सुगंधाला रोज खात्री हवी असायची. तिला ती मिळायची आणि घरात सगळे हसायचे. फक्त लवूला ते हसू घशाखाली उतरत नसे, कारण पेटी जागी नव्हती. ती कधीच जागी नव्हती. कुठे वीज गळू लागली, कुणाच्या अंगातून वाहू लागली, तर ते ओळखून पापणी लवायच्या आत खटका पाडायचा, हे त्या पेटीचं काम. ते ओळखणारी कॉइलच या पेटीच्या पोटात नव्हती. बटण दाबलं की खटका पडे, एवढंच. हे सगळ्या जगात दोघांना ठाऊक होतं. एक लवू, आणि दुसरा मरोळच्या कारखान्यातला गुणाजी.

सुरुवात झाली ती गेल्या श्रावणात. शेजारच्या खोलीतल्या कुंडलिकची बायको द्रौपदी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वाळत घालायची तार लोखंडी, आणि तिचं एक टोक ज्या ब्रॅकेटला बांधलेलं, त्याच ब्रॅकेटवरून वरच्या मजल्याची केबल गेलेली. केबलचं रबर केव्हा झिजलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. द्रौपदीने ओलं लुगडं तारेवर टाकलं आणि ती थरथरू लागली. सुगंधा मागून बादली घेऊन येत होती. द्रौपदी तशी नकलाकार बाई, पाणी भरताना कुणाचीही नक्कल करून दाखवायची. सुगंधाला वाटलं, आताही काहीतरी सोंग चाललंय. "काय गं, अंगात आलंय का?" असं ती हसत म्हणाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली. जानकीने मागून तिची वेणी धरून अशी हिसडली की सुगंधा बादलीसकट उताणी पडली. म्हणून ती वाचली. द्रौपदी वाचली नाही.

नंतर वीज कंपनीचा माणूस येऊन तार तोडून गेला. जाताना त्याने जमलेल्या बायकांना सांगितलं, कशाचाही संशय आला तर आधी उलटा हात लावायचा, बोटांची मागची बाजू. करंट असला तर मूठ आपोआप मिटते. सरळ हात लावला तर ती मूठ त्या वस्तूलाच आवळून बसते, उलटा लावला तर हात सुटून मागे येतो. बायकांनी ऐकलं आणि आपापल्या खोलीत गेल्या. सुगंधाने मात्र ते अंगात भिनवून घेतलं.

मग ती नळाला उलटा हात लावू लागली. कपाटाला, खिडकीच्या गजाला, स्टोव्हला, दाराच्या कडीला. दिव्याचं बटण लाटण्याने दाबायची. पुढे पुढे तेही सोडलं आणि संध्याकाळी कंदील लावून बसू लागली. एकदा तर जानकीच्या पाठीला तेल लावायच्या आधी तिने उलटी बोटं टेकवून पाहिली.

"माझ्यात खयचो करंट गो?" जानकी उखडली. "घोवाक सरळ हात आणि माका उलटो?"

त्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा घरात हसू फुटलं होतं. खरंच, लवूला हात लावताना तिने कधी असं केलं नव्हतं. सगळ्या घरात भरवसा ठेवण्यासारखी तेवढी एकच वस्तू तिला उरली असावी.

पण हसण्यावारी नेण्याजोगं ते नव्हतं. ती झोपत नव्हती. तिचा चेहरा एवढासा झाला. रात्री डोळा लागला की द्रौपदीचा हात दिसतो म्हणायची, आणि आपण हसलो होतो ते ऐकू येतं म्हणायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर पेंगायची आणि रात्री टक्क जागी. लवू घाबरून गेला. संपात गिरणी गेली तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

गिरणीनंतर वर्षभर इकडेतिकडे हमाली करून तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लागला होता. तिथे या पेट्याच बनत. लवूचं काम त्या थर्माकोलमध्ये बसवून खोक्यांत भरायचं. एकदा बोलता बोलता त्याने सुगंधाला सांगितलं, आमच्याकडे अशी अशी पेटी बनते, घरात बसवली तर माणूस मरत नाही. सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"आणा," सुगंधा म्हणाली.

"ती आपल्यासारख्यांसाठी नसते गं. हॉटेलांत जाते, हॉस्पिटलांत जाते."

"आपण माणसं नाही का? आणा तुम्ही."

रोज संध्याकाळी तो दारात आला की ती आधी त्याच्या पिशवीकडे बघायची. शेवटी त्याने तपासणीच्या टेबलावरच्या गुणाजीला गाठलं. गुणाजी त्याच्याच गावाकडचा, हातातलं काम न थांबवता बोलणारा. तयार माल मोजून बाहेर जातो, त्यातली पेटी मिळायची नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मग दोन दिवसांनी स्वतःच बाद मालाच्या पेटाऱ्यातून एक रिकामं कवच काढलं, बटण परस्पर खटक्याला जोडलं आणि लवूच्या पुढ्यात ठेवलं.

"हे नुसतं खेळणं आहे, लवू. गळती-बिळती हिला काही कळत नाही. ध्यानात ठेव."

"तिला झोप लागू दे रे. मग हळूच काढून खरी बसवू."

"बघ बाबा. वहिनीला सांगून ठेव तेवढं."

लवूने मान हलवली आणि घरी येऊन काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेटी आणून उपयोग काय? त्या रात्री सुगंधा झोपली. नुसती झोपली नाही, घोरली. जानकीने उठून तिच्या अंगावर चादर घातली आणि लेकाकडे बघून डोळे पुसले. लवू मात्र आढ्याकडे बघत पडून राहिला. घरातली भीती गेली नव्हती, तिने फक्त बिछान्याची बाजू बदलली होती. आणि तेव्हापासून ती लवूच्याच बाजूला होती.

तेव्हा त्याला वाटलं होतं, एवढ्याशा लबाडीने कुणाचं काय बिघडणार? पण त्याने हिशेबात धरलं नव्हतं ते हे, की सुगंधा नुसती बरी होऊन थांबणार नाही. ती धीट झाली. कंदील माळ्यावर गेला, लाटणं पोळपाटावर परतलं. उलटा हात सरळ झाला. दसऱ्याला लवूने कारखान्यात यंत्रांची पूजा केली, तशी तिने घरी पेटीची केली. आधी हळदीचं बोट, मग त्यावर कुंकवाचं, वर झेंडूचं फूल. फूल वाळून पडलं, पण हळदीकुंकवाचा ठिपका काळ्या कवचावर तसाच राहिला. दिवाळीला तिने हट्टाने पाणी तापवायचा रॉड आणला. अभ्यंगस्नानाला घासलेटचा धूर नको म्हणाली. ओल्या हाताने दिवा लावू लागली, चालू इस्त्रीवर पाणी शिंपडू लागली, आणि लवू तिच्यामागे घरभर नजर घेऊन फिरू लागला. सकाळी ती मोरीत असेपर्यंत त्याचा पाय घरातून निघत नसे.

दर थोड्या दिवसांनी तो काहीतरी निमित्त काढायचा. रॉडने पाणी जड होतं म्हणे, केस गळतात. स्टोव्हच बरा. सुगंधा ऐकून घ्यायची आणि रॉड लावायची. मग त्याने कारखान्यातली एक जुनी रबराची चटई मागून आणली आणि मोरीत अंथरली. तपासणीच्या टेबलापुढे झटका लागू नये म्हणून माणसं उभी राहतात ती. सुगंधाला सांगितलं, "पाय घसरतो इथे." जानकीने त्या चटईवर शेवाळ धरतं म्हणून कुरकुर केली. लवू दर रविवारी ती जागच्या जागी घासायचा, पण तिथून हलवू देत नसे.

आणि चंपा. द्रौपदीची सहा वर्षांची पोर. कुंडलिक पहाटेच्या पाळीला जायचा, तेव्हा चंपाची आंघोळ, वेणीफणी, शाळेचा डबा हे सगळं सुगंधाने आपल्याकडे ओढून घेतलं होतं. लवू-सुगंधाला मूल नव्हतं. चंपा खांद्यावर टॉवेल टाकून रोज सकाळी दारात उभी राहायची आणि त्या वेळेला सुगंधाचा चेहरा असा फुलायचा की लवूला दुसरीकडे बघावं लागे. कुंडलिकने सुरुवातीला संकोचून विचारलं होतं, "वहिनी, ते रॉडचं पाणी... पोर लहान आहे." तेव्हा सुगंधाने त्याला पेटीकडे बोट दाखवलं होतं. "माझ्या घरात तिला काही होणार नाही, भाऊजी." कुंडलिकने त्या पेटीकडे पाहून हात जोडले होते. लवू तिथेच बसून बूट घालत होता. त्याने नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

पौषात थंडी पडली. त्या सकाळी सुगंधा टॉवेल घ्यायला बाहेर आली होती. चंपा मोरीत एकटीच, चटईच्या पलीकडे फरशीवर अनवाणी उभी होती. पाण्यातून वाफ निघत होती, ती तिला गंमत वाटली असावी. तिने बादलीकडे हात नेला.

"चंपा!"

लवू असा ओरडला की गॅलरीतली माणसं थबकली. त्याने झेप घेऊन पोरीचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. चंपाने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ओठ काढून हमसून रडू लागली. "आई" म्हणून रडू लागली.

"काय हो हे?" सुगंधा धावत आली. तिने चंपाला पोटाशी घेतलं. "किती दिवसांनी आईचं नाव काढून रडतेय बघा. का घाबरवता पोरीला?"

"रॉड चालू होता."

"मग? पेटी आहे ना?" तिने चंपाचे डोळे पुसले. "ये इकडे. काका उगाच घाबरतात. कुणाला काही होत नाही आपल्या घरात. हे बघ." आणि चटईवर उभी राहून तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तसाच ठेवला. चंपाकडे बघून हसली. क्षणभर तिच्या कपाळावर एक आठी उमटल्यासारखी लवूला वाटली, पण ती पुन्हा हसली. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

त्या दिवशी मरोळपर्यंत चालताना त्याने सगळं मनात जुळवून पाहिलं. सांगून टाकावं. 'सुगंधा, ती पेटी पोकळ आहे.' पण त्यापुढे काय? कंदील पुन्हा खाली येईल. रात्रीची ती टक्क नजर परत येईल. आणि या खेपेला आपण काहीही आणलं, काहीही सांगितलं, तरी ती विश्वास का ठेवील? त्याला वाटणारी भीती दोन्हीकडून होती. न सांगावं तर तिच्या जिवाची, सांगावं तर तिच्या डोळ्यांची. तपासणीच्या टेबलाशी जाऊन त्याने गुणाजीला सगळं सांगितलं तेव्हा गुणाजीच्या हातातलं काम पहिल्यांदाच थांबलं.

"अजून तीच पेटी आहे? आणि वर रॉड? अरे, वेडा की खुळा तू? त्या पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

"म्हणून तर आलो ना. खरी पाहिजे. साहेबांना सांग, माझ्या पगारातून कापू दे. पण सुगंधाला कळायला नको."

गुणाजीने साहेबांच्या केबिनकडे नजर टाकली. "बरं," तो म्हणाला. "रविवारी येतो. घरात कुणी नको."

रविवारी मुलुंडला सुगंधाच्या धाकट्या बहिणीचं, नलिनीचं डोहाळजेवण होतं. जानकी, सुगंधा आणि नवा फ्रॉक घातलेली चंपा दुपारीच निघाल्या. त्यांची पाठ वळताच गुणाजी आला. जुनी पेटी उतरायला आणि नवी बसायला फार वेळ लागला नाही. दिसायला दोन्ही एकसारख्या. गुणाजीने बटण दाबलं, खटका पडला. मग त्याने दिव्याची एक वायर घेतली, तिचं एक टोक फेजला, म्हणजे जिवंत तारेला, आणि दुसरं नळाला टेकवलं. दिवा पेटायच्या आत पेटीचा खटका आपणहून पडला. कुणी बटण दाबलं नव्हतं. लवूने तो खट् आवाज ऐकला. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

"आता ध्यानात ठेव," गुणाजी हत्यारं आवरत म्हणाला. "झटका लागायचा तो लागेल. पण धरून ठेवणार नाही."

गुणाजी जुनी पेटी पिशवीत टाकणार, तोच लवूला तिच्यावरचा ठिपका दिसला. त्याने देव्हाऱ्यातला करंडा आणला, अनामिकेवर कुंकू घेतलं आणि नव्या पेटीवर नेमकं त्याच जागी बोट टेकवलं. मागे सरून पाहिलं. हुबेहूब. गुणाजीला निरोप देऊन तो मोरीत गेला, रबराची चटई उचलली, नळाखाली दोन्ही बाजूंनी खसाखसा घासली आणि गॅलरीतल्या नायलॉनच्या दोरीवर वाळत टाकली. आईची कुरकुर मिटली. आता चटईची गरजच नव्हती. संध्याकाळी मुलुंडहून बायका परतल्या तेव्हा लवूने स्वतः चहा केला होता. जानकीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून.

त्या रात्री लवू झोपला. सकाळी त्याला अर्धवट जाग आली ती खट् या ओळखीच्या आवाजाने. पंखा थांबला, पुन्हा फिरू लागला. "जागी आहे," सुगंधाचा आवाज आला. लवूने चादर डोक्यावर ओढली. आहेच, तो मनात म्हणाला, आणि पुन्हा झोपेत शिरला. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज, रॉडची कडी बादलीला लागल्याचा आवाज, दारात चंपाची हाक, हे सगळं त्याला लांबून ऐकू येत होतं.

मग पुन्हा खट् झालं. पाठोपाठ पाण्याचा मग फरशीवर आदळला आणि सुगंधा ओरडली.

लवू चादरीत गुरफटत, धडपडत उठला. घरात अंधार होता, गॅलरीतून येणारा उजेड तेवढा. सुगंधा मोरीच्या कठड्यावर बसली होती. उजवा हात तिने डाव्या हाताने छातीशी धरला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते. अनवाणी पावलं ओल्या फरशीवर होती.

"सुगंधा! काय झालं? लागला? कुठे लागला?"

"लागला," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण सोडला. लगेच सोडला." तिने मान वर केली, आणि भेदरलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "पेटी पडली हो. बघा, पडली ना? मी वाचले."

जानकी देवाचं नाव घेत तिचा हात चोळू लागली. लवूने रॉडची पिन ओढून काढली. उजेडात धरून पाहिलं तेव्हा रॉडच्या नळीवर, पाण्याच्या वर-खाली होणाऱ्या रेषेपाशी, केसाएवढी चीर दिसली. कडेला हिरवट गंज धरलेला. एका रात्रीत असा गंज धरत नाही. त्याला गॅलरीत दोरीवर वाळणारी चटई दिसत होती. गेले कित्येक दिवस सुगंधा तिच्यावर उभी राहत होती, म्हणून मूठ आवळली नव्हती. पेटीवर विसंबून ती हात घालायची, आणि वाचवत होतं ते शेवाळलेलं रबर.

"तू तिथेच थांब गं," सुगंधाने दारातल्या चंपाला सांगितलं. मग भिंतीला धरून उठली आणि नेहमीसारखी खटका वर करायला स्टुलावर चढली. खटका वर गेला, दिवा लागला. पण ती खाली उतरली नाही. पेटीकडे बघत राहिली.

"अहो."

"काय?"

"हळद कुठे गेली?"

लवूने रॉड खाली ठेवला.

"दसऱ्याला मी आधी हळद लावली होती. मग कुंकू."

"पुसली गेली असेल."

"कुंकू राहिलं, आणि हळद तेवढी पुसली?" तिने ठिपक्यावर बोट फिरवलं आणि ते बोट निरखलं. कुंकू बोटाला लागलं होतं, ताजं होतं. तिने मोरीतल्या बादलीकडे पाहिलं, गॅलरीतल्या चटईकडे पाहिलं. मग स्टुलावरूनच लवूकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. ती अगदी हळू बोलली.

"आधीची कशी होती?"

"पोकळ होती," तो म्हणाला. "तू झोपत नव्हतीस. म्हणून आणली. खरी काल बसवली."

जानकीने लेकाकडे पाहिलं. सुगंधा खाली उतरली. पदराने बोटावरचं कुंकू पुसू लागली, पुसून झालं तरी पुसतच राहिली.

"त्या पाण्याने मुंग्या यायच्या हो," ती म्हणाली. "पंधरवडा झाला असेल. हात घातला की बोटांना मुंग्या. मला वाटलं, द्रौपदीचं भूत मनातून गेलं नाही अजून. माझ्याच मनाचं आहे सगळं. पेटी आहे, मग मुंग्या कशाच्या?" ती थांबली. "म्हणून कुणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही. आणि पोरीला रोज त्याच मोरीत न्हाऊ घालत होते."

"सुगंधा, मी..."

"स्टोव्ह पेटवते. चंपाला शाळेला उशीर होतो."

तिने माळ्यावरून घासलेटचा स्टोव्ह काढला, पुसला, पंप मारला. पाणी तापलं. चंपाची आंघोळ झाली, दोन वेण्या झाल्या, रिबिनी झाल्या. रॉड कुणीतरी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला होता. लवूने आंघोळ न करताच कपडे चढवले. काहीतरी बोलावं म्हणून तो तीनदा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेला आणि तीनदा परत आला. सुगंधाने पोळ्या लाटल्या, भाजी भरली, डब्याची कडी लावली. रोजच्यासारखंच सगळं. तिचे डोळे कोरडे होते.

तो दारात बूट घालून उभा राहिला. ती डबा घेऊन आली. त्याने हात पुढे केला.

सुगंधाने डबा डाव्या हातात घेतला. उजवा हात उलटा केला, बोटांची मागची बाजू त्याच्या मनगटाला टेकवली, थोडी वाट पाहिली, आणि मग डबा त्याच्या हातात दिला.